शेजाऱ्याला भरल्या पानावरून उठवू नका: कांदा निर्यातीबाबत खुलं पत्र

प्रति,
परराष्ट्र व्यवहार, वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयांत कांद्याच्या निर्यातीचा निर्णय घेणारे मंत्री आणि अधिकारी,
नवी दिल्ली

विषय: अचानक निर्यातबंदीची पद्धत सोडून शेजारी देशांना आधी जाहीर केलेला, लेखी पुरवठा देण्याबाबत

महोदय/महोदया,

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं निर्यात शुल्क उठलं. किमान निर्यात दर, म्हणजे ज्याच्याखाली कांदा परदेशी विकता येत नाही तो सरकारी दर, त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये काढला होता. बाजार शांत असताना हे पत्र लिहितोय, कारण भाव चढले की दिल्लीत ऐकायला कुणाला वेळ नसतो आणि भाव पडले की लासलगावात शांतपणे बोलायची कुणाची मनःस्थिती नसते. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय दोन्हीकडे आहे.

कांद्याची निर्यात बंद करणं हा परराष्ट्र धोरणाचा निर्णय आहे, पण तो तसा समजून घेतला जात नाही. भावफलक पाहून संध्याकाळी अधिसूचना निघते. ढाका, कोलंबो, काठमांडू इथल्या बाजारात दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार, याचं टिपण त्या फाइलीत असतं की नाही, अशी शंका यावी असाच आजवरचा अनुभव आहे.

आधी घडलेलं पाहू. २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंदी आली. त्यानंतर आठवडाभरात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, असं त्यांनी उद्योजकांच्या सभेत हसत हसत सांगितलं आणि पुढच्या वेळी जरा आधी कळवा, एवढीच विनंती केली. सभागृह हसलं. नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २०० बांगलादेशी टाकांच्या वर गेला आणि त्या सरकारला तो विमानाने आणावा लागला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० रोजी, आपण पुन्हा न कळवता बंदी घातली. बांगलादेशच्या परराष्ट्र खात्याने पत्र पाठवून आधी झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली. मग २५ हजार टनांची सूट मिळाली, पण तोवर पेट्रापोल, घोजाडांगा, हिली, महदीपूर या बांगलादेश सीमेवरच्या नाक्यांवर ट्रक अडकून पडले होते.

अडकलेल्या ट्रकमध्ये नेमकं काय होतं, हे सांगायला हवं, कारण कागदावर ते दिसत नाही. नाशिक जिल्ह्यातून पेट्रापोल सुमारे दोन हजार किलोमीटर. खळ्यावर प्रतवारी करून, जाळीच्या गोण्यांत भरलेला माल चार-पाच दिवसांत तिथे पोचतो. ट्रक धावत असतो तोवर गोण्यांतून वारा खेळतो. उभा राहिला की ताडपत्रीखाली उष्णता साठते, सप्टेंबरची बंगालची दमट हवा त्यात भर घालते. आधी खालच्या थरातल्या गोण्यांना घाम फुटतो, मग मानेपाशी काळी बुरशी धरते, मग कांदा मऊ पडून पाणी सुटतं. एका गोणीचं पाणी खालच्या चार गोण्या नासवतं. आठवड्याभराने सूट मिळते तेव्हा तो माल परत आणायच्या लायकीचा राहिलेला नसतो आणि पुढे नेण्याच्याही. नुकसान निर्यातदाराचं आणि पलीकडे आगाऊ पैसे भरून बसलेल्या आयातदाराचं. आयातदार ते विसरत नाही.

२०२३ मध्ये पायऱ्या तरी दिसल्या. १९ ऑगस्टला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचा किमान दर, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ होती. ती संपायच्या आतच पुढच्या आदेशापर्यंत लांबवली. मधल्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका अशा सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी दिल्याचं सरकारने एप्रिलमध्ये जाहीर केलं. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरचा किमान दर आणि त्यावर ४० टक्के शुल्क ठेवून. हिशेब करा: ५५० अधिक २२०, म्हणजे ७७० डॉलर टन. तेव्हाच्या दराने किलोला साधारण ६४ रुपये, आणि त्यात जहाजाचं भाडं अजून धरलेलं नाही. दुबईत किंवा क्वालालंपूरमध्ये पाकिस्तानचा कांदा शेजारच्या गाळ्यात असताना या भावाने आपला कोण घेईल? दार उघडल्याचं जाहीर झालं आणि उंबरा कंबरेएवढा ठेवला.

डिसेंबरच्या बंदीत एक तांत्रिक चूक होती, तिच्याबद्दल आम्हाला सविस्तर बोलायचं आहे. दिल्लीत कांदा हा एकच पदार्थ समजला जातो. आमच्याकडे तीन आहेत. उन्हाळ कांदा मार्च ते मे महिन्यांत निघतो, देशाच्या उत्पादनात त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. त्याची साल घट्ट, मान बारीक आणि वाळलेली, म्हणून तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकतो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून येतो, त्यात पाणी जास्त, मान जाड. त्यानंतरचा रांगडा जानेवारी ते मार्च. लाल कांदा चाळीत भरत नाहीत. काढला की तीन-चार आठवड्यांत विकायचा, नाहीतर कोंब येतात किंवा सडतो.

टंचाई येते ती सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या फटीत: चाळी रिकाम्या होत आलेल्या आणि लाल अजून पुरेसा आलेला नाही. भाव तिथे चढतात. सरकारी यंत्रणा ते पाहून, बैठका घेऊन डिसेंबरात बंदी आणते, तेव्हा लालची आवक रोज वाढत असते. म्हणजे ज्याने चाळीत माल दाबून ठेवला असा संशय, त्याचा माल केव्हाच विकून झालेला असतो. बंदी पडते ती लालवाल्यावर, ज्याला थांबताच येत नाही. २०२३ च्या डिसेंबरात लासलगावचा भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आला. जो कांदा साठवता येत नाही त्याची निर्यात बंद करून तो देशासाठी साठत नाही. तो स्वस्त होतो, आणि उरला तर उकिरड्यावर जातो. हे कृषी खात्याला ठाऊक आहे, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाला तर पाठच आहे. त्यांना विचारलं जात नाही, इतकंच.

आता पलीकडची बाजू. बांगलादेशाने २०१९ आणि २०२० नंतर जे केलं, ते कुठल्याही शहाण्या सरकारने केलं असतं. उन्हाळी लागवडीसाठी शेतकऱ्यांना बियाणं आणि खतं दिली. त्यातलं एन-५३ हे वाण मूळचं नाशिककडचं, हा दैवाचा विनोद म्हणायचा. म्यानमार, पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्किये इथून माल आणायच्या वाटा मळल्या. आमची निर्यात २०२२-२३ मध्ये २५ लाख टनांच्या पुढे होती. २०२३-२४ मध्ये ती १७ लाख टनांवर आली, आणि २०२४-२५ मध्ये मार्चच्या मध्यापर्यंत १२ लाखांच्याही आत राहिली. बांगलादेशी शेतकरी आपला कांदा पिकवतो याचं आम्हाला दुःख नाही, उलट त्याने पिकवावाच. पण वर्षातले जे तीन-चार महिने त्याच्याकडे कांदा नसतो, ते महिने भूगोलाने आम्हाला दिलेले होते. इजिप्तहून समुद्रमार्गे कांदा आणणं किती आठवड्यांचं, किती इंधनाचं आणि किती खर्चाचं काम आहे, हे पाहिलं तर शेजारून घेण्यात दोघांचं हित होतं आणि हवामानाचंही.

याची दुसरी बाजू भारताने स्वतः अनुभवली आहे. तुरीसाठी आपण २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढवत वाढवत पाचव्या वर्षी दोन लाख, मग तो पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवला. मलावीशी ५० हजार टनांचा, म्यानमारशी उडीद आणि तुरीचा तसाच करार आहे. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकमधल्या ‘नाकाला’ नावाच्या बंदरात तुरीची निर्यात अडली, तेव्हा इथे डाळीचे भाव हलले आणि तिथल्या आपल्या उच्चायुक्तालयाला धावपळ करावी लागली. तेव्हा आपण त्या देशाला सांगत होतो की दिलेला शब्द पाळा. बरोबरच होतं ते. मात्र २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथे तूर भरपूर झाली म्हणून आपण आयातीवर मर्यादा घातली, तेव्हा कराराबाहेरचा माल पिकवून बसलेल्या आफ्रिकेतल्या छोट्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. त्यांनी ती तूर भारतासाठीच पेरली होती, त्यांच्या घरात ती फारशी खाल्ली जात नाही. नाशिकचा लालवाला आणि नाम्पुला प्रांतातला तूरवाला यांना एकमेकांची भाषा येत नाही, पण त्यांची व्यथा एकच आहे.

म्हणून ग्लोबल साऊथच्या, म्हणजे विकसनशील देशांच्या, व्यासपीठावरची भाषा आणि अधिसूचनेची भाषा यांतलं अंतर आम्हाला टोचतं. जून २०२३ मध्ये हैदराबादला जी-२० च्या कृषिमंत्र्यांनी अन्नसुरक्षेची सात दख्खन तत्त्वं मान्य केली, अध्यक्षपद भारताचं होतं. महिन्याभराने, २० जुलैला, बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. जगातल्या तांदळाच्या व्यापारात आपला वाटा ४० टक्क्यांच्या घरात आहे, त्यामुळे पश्चिम आफ्रिकेपर्यंत त्याचा चटका बसला. मग ज्या सरकारने विनंती केली त्याला थोडा थोडा तांदूळ दिला गेला. विनंती करून मिळणारा घास आणि हक्काचा घास यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची जहाजं मोजणारा देश आहे हा.

उत्तर शोधायला फार लांब जायचं कारण नाही. मालदीवशी आपला १९८१ पासूनचा करार आहे. दरवर्षी जीवनावश्यक वस्तूंचं प्रमाण ठरतं. २०२४-२५ साठी कांद्याचं प्रमाण ३५,७४९ टन होतं, आणि इतरांसाठी बंदी चालू असताना, शिवाय दोन्ही सरकारांचे संबंध पार ताणलेले असतानाही ते जाहीर झालं. हे उत्तम परराष्ट्र धोरण होतं. जेवणाचं ताट राजकारणाच्या बाहेर ठेवलं गेलं. हीच रीत बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि भूतान यांना लावा. बांगलादेशाने असा वार्षिक कोटा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या मंत्रिस्तरीय बैठकीत मागितलाही होता. ऑगस्ट २०२४ नंतर ढाक्यातलं सरकार बदललं, संबंध बिघडले, सीमेवर दोन्हीकडून निर्बंध आले. आमच्या मते कोट्याचा करार करायची खरी वेळ हीच आहे. मैत्री असताना कुणीही पुरवठा करतं.

कोटा कसा असावा, हेही सांगतो. गेल्या ज्या तीन वर्षांत निर्यात पूर्ण खुली होती त्यांच्या सरासरीच्या निम्म्याहून थोडा अधिक, समजा ६० टक्के, एवढं प्रमाण लेखी द्यावं. त्यावरचा व्यापार खुल्या बाजारावर सोडावा. प्रमाण महिन्यांत वाटून द्यावं, कारण वार्षिक आकडा दिला तर सगळी उचल ऑगस्ट-सप्टेंबरात होईल आणि नेमक्या फटीच्या काळात आगीत तेल पडेल. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे रांगड्याच्या ऐन हंगामात येतो, तेव्हा त्या महिन्याचा वाटा मोठा ठेवायला काहीच हरकत नाही. तारखा पंचांगासारख्या आधीच माहीत असतात.

कोट्यात बिघाड कुठे होतो, हे आम्हाला ठाऊक आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परवाना कागद बनतो आणि कागद विकला जातो. म्हणून परवाना अहस्तांतरणीय हवा, ४५ दिवसांची मुदत हवी, न वापरल्यास बँक हमी जप्त व्हायला हवी. लहान देशाच्या नावाने निघालेला माल तिसऱ्याच बंदरात उतरतो, त्यासाठी तिथल्या सीमाशुल्काची पोच परत येईपर्यंत हमी सोडू नये. आणि सगळा कोटा एकाच संस्थेमार्फत नेऊ नये. शेतकरी उत्पादक कंपन्यांना ठरावीक वाटा द्यावा, आणि जी कुणी सरकारी वा सहकारी संस्था या व्यवहारात असेल तिने खरेदीचा दर आणि परदेशातला विक्रीचा दर दर पंधरवड्याला संकेतस्थळावर टाकावा. किमान निर्यात दर हे हत्यार तर मोडीतच काढा. बाजारभाव त्याच्याखाली असला की बिल एका दराचं होतं आणि फरक खरेदीदाराला दुसऱ्या वाटेने परत जातो. प्रामाणिक माणूस बाहेर पडतो, बाकीचे राहतात.

निर्यात आवरावी लागणारच नाही, असं आम्ही म्हणत नाही. अवकाळी पावसात उन्हाळ कांदा वावरातच सडला तर मुंबई-दिल्लीतल्या मजुराच्या घरातही कांदा पोचला पाहिजे. पण पायऱ्या ठरलेल्या असाव्यात. आधी राखीव साठा बाहेर काढावा. २०२३-२४ मध्ये त्याचं उद्दिष्ट सात लाख टनांपर्यंत नेलं होतं, म्हणजे देशाच्या जेमतेम दोन आठवड्यांच्या गरजेइतकं. तेवढ्या साठ्याने बाजार वाकत नाही, पण तो योग्य आठवड्यात, टंचाईच्या शहरात सोडला तर फट बुजवायला उपयोगी पडतो. त्यानंतर लहान टप्प्यांनी शुल्क, समजा दहा टक्के, आणि तेही २१ दिवसांची सूचना देऊन. बंदी शेवटी, अंतिम तारखेसह, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मुळीच नाही. निघालेल्या मालाला संरक्षण हवंच. २०२२ च्या मे महिन्यात गव्हाची बंदी आली तेव्हा आधी उघडलेल्या अपरिवर्तनीय पतपत्रांना, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या, मागे न घेता येणाऱ्या पैशांच्या हमीला, सूट होती. कांद्यात सीमेवरचा बराच व्यापार पतपत्राशिवाय, आगाऊ पैशांवर चालतो, म्हणून बँकेत आलेली आगाऊ रक्कमही पुरावा म्हणून धरावी.

हे सगळं करायचं तर चाळीत किती कांदा आहे, हे माहीत हवं. आज ते कुणालाच नीट माहीत नाही. पेरणीचा अंदाज असतो, काढणीचा असतो, पण मे महिन्यात भरलेला कांदा सप्टेंबरात किती उरला, यावर अंधारात तीर मारले जातात. पद्धत सोपी आहे. चाळ भरताना दहा किलोच्या जाळीच्या पिशव्या तोलून, चिठ्ठी बांधून ढिगात तीन खोलींवर ठेवायच्या: वर, मध्ये, तळाशी. दर पंधरा दिवसांनी काढून पुन्हा तोलायच्या, कोंब आलेले, सडलेले, काजळी धरलेले वेगळे मोजायचे. तळाची पिशवी सगळ्यात आधी खरं सांगते, कारण ढीग पाच फुटांच्या वर रचला असेल तर दाब आणि कोंडलेली वाफ तिथेच असते. तालुक्याला वीस चाळी, नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, धुळे, शिवाय मध्य प्रदेश आणि गुजरातचे पट्टे. जून ते ऑक्टोबर दहा वेळा तोलणी. कृषी सहायक आणि शेतकरी कंपन्या मिळून हे करू शकतात. आकडे सगळ्यांना एकाच वेळी दिसावेत, नाहीतर ज्याला आधी कळेल तो त्यावर सट्टा खेळेल. शंभर क्विंटल भरलेल्या चाळीतून सप्टेंबरात सत्तर निघाले, तर दीड हजाराचा उत्पादन खर्च क्विंटलला २,१४० च्या पुढे जातो. हा हिशेब समोर असेल तर भाव थोडा चढला म्हणून कुणी साठेबाजीची ओरड करणार नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात बाराव्या कलमाने अन्नपदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध आणताना शक्य तितकी आधी लेखी सूचना देणं आणि आयातदार देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करणं अपेक्षित आहे. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण त्या पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असलेल्या देशाला ती नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदार आहोत. सार्वजनिक साठ्याच्या, म्हणजे सरकारने धान्य विकत घेऊन साठवण्याच्या, प्रश्नावर कायमस्वरूपी तोडग्यासाठी आपण बाली परिषदेपासून, २०१३ पासून, लढतो आहोत आणि आमचा त्या मागणीला पूर्ण पाठिंबा आहे. त्या टेबलावर बसताना बाराव्या कलमाचा कागद आपल्याच हातात कोरा नसावा.

शेवटची मागणी कारभाराची आहे. कांदा, तांदूळ, गहू, साखर यांच्या निर्यातीवर निर्णय घेणाऱ्या आंतरमंत्रालयीन बैठकीत परराष्ट्र मंत्रालयाचं लेखी मत बंधनकारक करावं. दोन पानं पुरेत: कोणता देश किती अवलंबून आहे, त्याच्याकडे पर्याय काय आहे, त्याचे सण कधी आहेत, आपण आधी काय शब्द दिला आहे. अधिसूचना निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला फोन जावा.

उन्हाळ कांद्याची काढणी मार्चमध्ये सुरू होते. कोट्याचे आकडे फेब्रुवारीअखेर जाहीर झाले, तर चाळ भरायची की लगेच विकायचं, हे शेतकऱ्याला ठरवता येईल. त्याच सुमारास ढाक्याचा आयातदारही त्याच्या वर्षाची मांडणी करत असतो.

आपले,
कांद्याची साठवणूक, प्रतवारी आणि निर्यातीच्या कामातले आम्ही काही जण
निफाड, येवला, चांदवड